शेंगांच्या दिवसांतलं भांडण

यंदाच्या तुरीच्या शेंगा बाजारात दिसल्या आणि माझ्या उजव्या अंगठ्याचं नख आपोआप दुखायला लागलं. अजून एकही शेंग सोलली नव्हती. नुसता वास आला होता. हिरवा, थोडा उग्र, ओल्या पोत्याच्या वासात मिसळलेला. या शेंगा सोलून नखाखाली जो काळा डाग बसतो तो संक्रांत उलटून गेली तरी निघत नाही. लिंबू चोळा, नाहीतर राख चोळा. हळदीकुंकवाला हात पुढं करताना मी अंगठा मुठीत लपवते, आणि समोरची बाईही तिचा अंगठा लपवूनच मला हळद लावत असते. या दिवसांत अख्ख्या अमरावतीच्या बायकांची नखं काळी होत असावीत.

रविवारचा बाजार आमच्या लेआउटच्या मागं भरतो. मैदान म्हणायचं, पण ते न विकले गेलेले प्लॉट आहेत. कोणीतरी हद्दीसाठी सिमेंटचे खांब पुरून ठेवलेत, भाजीवाल्या त्यांनाच ताडपत्रीची दोरी बांधतात. शहर इथं दमल्यासारखं होतं आणि पलीकडं लगेच काळी शेतं लागतात. भातकुलीकडच्या बायका ॲपेत पोती टाकून येतात. कोणी वांगी घेऊन बसते, कोणी पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, कोणी नुसती कोथिंबीर. संत्र्यांचे ढीग जमिनीवरच लागतात, आणि सोललेल्या एखाद्या संत्र्याचा वास सगळ्या बाजाराच्या डोक्यावरून फिरत राहतो. हातगाडीवरचा भोंगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. ते वाक्य सोमवारी सकाळपर्यंत माझ्या डोक्यात वाजत असतं.

आठवडाभर मी मशीन चालवते. पिको-फॉल, ब्लाउजं, शाळेच्या ड्रेसचे उसवलेले खिसे. सकाळी दोन घरच्या पोळ्या. रविवार आला की लोक म्हणतात, आज काय, सुट्टी. मी हो म्हणते आणि थैल्या घडी करून काखेत मारते. फाटकापर्यंत जाते, गॅस बंद केला का ते बघायला परत येते. बंद असतो. पुन्हा निघते, कुलूप ओढून बघायला परत येते. हा माझा जुना स्वभाव. लहानपणी घर माझ्या भरवशावर टाकलं होतं, तेव्हापासून मला कुठलीच गोष्ट नीट बंद झाली असेल असं वाटत नाही.

मी मूळची कराडकडची. आठवीत शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली होती आणि धाकट्या दोघांना कोणीतरी भाकरी करून घालायला हवी होती. ते कोणीतरी मी होते. पुढं लग्न ठरलं ते एवढ्या लांब, की आमच्या गावात निम्म्या लोकांना अमरावती नेमकी कुठल्या अंगाला येते ते सांगता येईना. गाडीत बसले तेव्हा रात्र होती, उतरले तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार. मधल्या वेळात खिडकीबाहेरची माती तांबूस होती ती काळी होत गेली, आणि डोंगर सपाट होत होत दिसेनासे झाले. डोंगराशिवाय माणूस दिशा कशी ओळखतो, हा प्रश्न मला किती दिवस पडला होता.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणते. आमच्याकडची ती रीत. इथल्या गल्लीत त्यावरून पोटभर हसून झालं. पण आत्याबाईंनी स्वतः मला एकदाही दुरुस्त केलं नाही. "तिले तोंडात जे येते ते म्हनू दे," एवढंच शेजारणीला म्हणाल्या, आणि लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात एक थैली देऊन मला या बाजारात घेऊन आल्या.

मला तिथं रडू फुटायचं बाकी होतं. कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बटाट्याला आलू, हे एक वेळ ठीक. पण सगळे भांडत होते. आत्याबाई एका भाजीवालीसमोर उकिडव्या बसल्या आणि जे सुरू झालं ते ऐकून मी थैली छातीशी धरली. ती भाजीवाली म्हणजे वच्छलाबाई. विजेच्या खांबाला टेकून बसलेली, कपाळावर मोठं कुंकू, पुढ्यात तुरीच्या शेंगांचा हिरवा ढीग.

"कशा देल्या वं शेंगा?"

"तुले नाही परवडत."

"दाने हायेत का नुसते टरफलं?"

"उघडून पाह्य ना. बाजारभर तोंड उघडत फिरतं, एक शेंग उघडाले काय झालं?"

"मागच्या वेळी देल्या त्या ढोरानं खाल्ल्या नाहीत."

"ढोरासाठी नेल्या होत्या का? मंग बरोबर हाये. घरी भाजी कोनी खाल्ली?"

आमच्याकडं दोन बायका असं बोलल्या तर तीन पिढ्या एकमेकींच्या दारात जात नाहीत. मी आत्याबाईंचा पदर ओढायला लागले. तेवढ्यात वच्छलाबाईनं तागडी उचलली, शेंगा तोलल्या, थैलीत ओतल्या, आणि वर आणखी एक मोठी मूठ टाकली. टाकता टाकता म्हणाली, "हे कोन, सून का? बारीक हाये बाप्पा. खाऊ घाल तिले काई." आत्याबाई म्हणाल्या, "तुह्या पोरीचं काय झालं, आली का बायंतपनाले?" आणि दोघी पाच मिनिटं लेकीबाळींचं बोलत बसल्या.

येताना मी घाबरत विचारलं, "आत्याबाई, तुमचं त्यांचं काही जुनं आहे का?"

"काय जुनं?"

"भांडण."

त्या थांबल्या. माझ्याकडं बघून हसल्या. "भांडन कुठीसा झालं वं? बाजार केला. मुक्यानं घ्याचं असन त दुकानात जाय."

हळूहळू मला रीत कळली. या बाजारात तागडीत येतं ते पैशाचं. वरतून पडणारी मूठ मात्र कमवावी लागते. जो मुकाट पैसे देऊन निघतो त्याच्या थैलीत वरतून काही पडत नाही. जो भांडतो, ज्याला टोमणा येतो आणि परतवता येतो, त्याच्यासाठी भाजीवालीचा हात पुन्हा ढिगात जातो. मला ते कधी धड जमलं नाही. मी भाव विचारते तेव्हाच माझा आवाज माफी मागितल्यासारखा येतो. वच्छलाबाई माझी कीव करून म्हणायची, "सातारवाली, तू सासूले घेऊन येत जाय. तुह्यासोबत धंदा कराले मजा नाही येत."

मी आत्याबाईंच्या मागं दोन पावलं, थैल्या धरून. माझी जागा ती, आणि मला ती आवडायची. कोणीतरी पुढं आहे आणि आपण फक्त उचलायचं आहे, यासारखा दुसरा आराम मला माहीत नाही. शेंगा घरी आल्या की दारातल्या उन्हात परात घेऊन आम्ही दोघी सोलायला बसायचो. त्या कोवळ्या दाण्यांना इथं सोले म्हणतात. सोल्यांची वांगं घालून भाजी, सोल्यांची आमटी, आणि ज्या शेंगा सोलायचा कंटाळा येईल त्या मिठाच्या पाण्यात उकडून तशाच. सोलता सोलता त्या मला गावाकडचं विचारायच्या. आई काय म्हणते, धाकटा कितवीला. माझ्या माहेरचं नाव काढून मला कोणी इथं टोचलं नाही, ते त्यांच्यामुळं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

मग तो एक हिवाळा आला.

आधी आत्याबाईंचा चहा बशीत सांडायला लागला. मग दारातलं स्टूल त्यांच्या नडगीला लागलं, आणि ते स्टूल बारा महिने त्याच जागी असतं. त्या स्टुलालाच बोल लावत होत्या. माझी नणंद अकोल्याला असते, तिनं तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं नंबर लावला. अकोला आत्याबाईंचं माहेर. सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो, त्या आणि मी. मूर्तिजापूरच्या पुढं दोन्ही अंगाला तुरी पिवळ्या फुलावर होत्या, मध्ये हरभऱ्याचे हिरवे पट्टे, आणि ऊन असं लख्ख की डोळे बारीक करावे लागत होते. आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "धुकं लय पडलं वं आज."

मी हो म्हणाले.

डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली आहे ती टिकवायची, रोज थेंब टाकायचे, खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला तर हीसुद्धा जाईल. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं मला दोनदा समजावलं, कारण मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची इच्छा होती, पण बाहेर माणसं बसलेली होती.

दवाखान्यातून निघाल्यावर आत्याबाई म्हणाल्या, बाजारात चाल. नणंद म्हणाली, आई, आता कशाला. पण त्या ऐकतात थोड्याच. त्यांच्या लहानपणच्या बाजारात आता वरती पत्रे आलेत, खाली फरशी आलीय. तिथं त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. एका वांगीवाल्याशी त्यांनी भाव केला, त्यानं त्यांना शब्दांनी चांगलंच झोडपलं, त्यांनी त्याला झोडपलं, आणि आम्ही वांगी न घेताच पुढं निघालो. त्यांचा चेहरा दवाखान्यात होता त्यापेक्षा बरा दिसत होता. मला वाटलं, चला, माणूस धीराचा आहे, निभावून नेईल.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी आईला सांगून टाकलं, आता बाजार बंद. मध्ये रस्ता ओलांडायचा, ट्रॅक्टर येतात, टिप्पर येतात. हे गॅरेजमध्ये काम करतात, गाड्यांखाली काय काय होतं ते रोज बघतात. आत्याबाई म्हणाल्या, "सून हाये ना संगं." हे म्हणाले, "ती तुह्याहून जास्त घाबरते." खरं होतं ते. पण आत्याबाई पुढच्या रविवारी पदर खोचून उभ्या राहिल्या, आणि दोघांपैकी कोणालाच त्यांना अडवता आलं नाही.

त्या रविवारी थंडी फार होती. भाजीवाल्यांनी फाटकी खोकी पेटवून शेकोटी केली होती, धूर डोळ्यांत जात होता. आत्याबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून वच्छलाबाईच्या खांबापाशी आल्या, उकिडव्या बसल्या, ढिगात हात घातला.

"कशा देल्या वं शेंगा?"

वच्छलाबाईनं भाव सांगितला. साधा. काही न जोडता.

आत्याबाई थांबल्या. नेहमीसारखा निम्मा भाव म्हणाल्या, मुद्दाम, चिडवायला.

"घ्या ना बाई," वच्छलाबाई म्हणाली. "तुमी म्हनान तेवढ्यात."

एवढ्या वर्षांत ती त्यांना 'तुमी' म्हणाली नव्हती. तिनं शेंगा तोलल्या, थैलीत ओतल्या, आणि वरतून मूठ टाकली. एक नाही, दोन. आत्याबाईंचा हात अजून ढिगावर तसाच होता. त्यांनी तो काढला, लुगड्याला पुसला आणि उठल्या. पुढं सांबारवाल्यानं न मागता एक जुडी त्यांच्या हातात दिली. लसणवाली म्हणाली, बसा ना बाई, दमल्या असान. जिथं जाऊ तिथं लोक बाजूला होऊन वाट देत होते. मला तर आधी बरंच वाटलं. मी मनात म्हणत होते, किती चांगली माणसं आहेत ही. खोटं कशाला सांगू, आजही मी तसंच म्हणते.

घरी आल्यावर आत्याबाईंनी थैली कोपऱ्यात ठेवली. पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "मी मेली का वं?"

"असं काय बोलता?"

"भांडल्याबिगर मूठ पडली. मयताच्या घरी देतात तशी."

त्यानंतरच्या रविवारी त्यांचा गुडघा दुखत होता. पुढच्या रविवारी सर्दी. मग त्यांनी कारण सांगायचंही सोडलं. मी थैल्या घडी करायला लागले की त्या भिंतीकडं तोंड करून पडायच्या. जेवण निम्म्यावर आलं. आणि एका सकाळी मी थेंबांची बाटली घेऊन बसले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. "राहू दे. काय पाह्याचं हाये आता?" मला वाटलं, एखाद्या दिवशी होतं असं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग कधी घ्यायच्या, कधी नाही. डॉक्टरचं बोलणं माझ्या डोक्यात त्या हातगाडीच्या भोंग्यासारखं वाजत राहायचं. खंड पडू द्यायचा नाही. मी मशीनवर बसायचे, सुई खालीवर होताना बघायचे, आणि प्रत्येक टाक्याला वाटायचं की आत्ता, या घडीला, पलीकडच्या खोलीत त्यांच्या डोळ्यातलं काहीतरी विझत असेल आणि मी इथं कोणाच्या तरी साडीला फॉल लावतेय. ह्यांना सांगितलं. ते आईजवळ जाऊन बसले, बराच वेळ बसले. उठून आले तेव्हा त्यांचेच डोळे लाल होते. थेंबांचं काही झालं नाही.

त्या दिवसांतला बाजार मी एकटीनं केला. कोणाच्या मागं चालायचं नाही, सगळं आपणच ठरवायचं, आपणच उचलायचं. मुकाट पैसे द्यायचे, मुकाट निघायचं. थैल्यांच्या बंदांनी बोटांना वळ पडायचे आणि घरी जाऊन कोणाला दाखवावे असं कोणी नसायचं. गावाला फोन केला तर आई म्हणायची, सगळं बरं हाय न्हवं? मी म्हणायचे, बरं आहे.

एका रविवारी वच्छलाबाईनं विचारलं, "बुडी नाही येत काहून?"

मी तिच्यासमोर पोत्यावरच बसले. तिनं आपल्या डब्यातलं पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं, थेंबांचंही. मग विचारलं, "तुम्ही त्यांच्याशी त्या दिवशी नीट का बोलल्या नाहीत?"

"नीट म्हनजे? नीटच त बोलली."

"म्हणजे… भांडल्या का नाहीत?"

ती शेंगांवर पाणी शिंपडत होती. हात थांबवून म्हणाली, "तुहा नवरा येऊन गेला ना गाडीवर. त्याच दिवशी, तुमी याच्या आंधी. आमी ॲपेतून माल उतरवून राहिलो होतो. एकेकीपाशी गेला, हात जोडले. म्हने, मायले दिसत नाही आता, तिले सांभाळून घ्या, तिच्याशी वाद घालू नका. एवढा मोठा मानूस हात जोडून राहिला, मंग आमी काय म्हनू?"

ह्यांनी मला हे सांगितलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. नाही आला. हा माणूस गॅरेजमध्ये मालकापुढं मान वर करून बोलत नाही, तो भाजीवाल्यांच्या रांगेत एकेकीसमोर हात जोडत गेला, हे डोळ्यांसमोर आलं आणि मला नुसता थकवा आला. सगळ्यांनी सगळं प्रेमानंच केलं होतं. बोट कोणाकडं दाखवायचं?

"तुम्ही घरी येऊन भांडा ना त्यांच्याशी," मी म्हणाले. बोलल्यावर माझं मलाच हसू आलं.

"आंधळ्या बाईसंगं भांडू? पाप लागन मले." तिनं तागडी उचलली. "शेंगा नेतं का? सोलाले त सांग बुडीले. हात त चालतात ना."

थैली भरून तिनं बंदाची गाठ मारून दिली. तशी ती एरवी कधी मारत नसे.

घरी आल्यावर मी परात आत्याबाईंपुढं ठेवली. म्हटलं, माझ्याकडं उद्याची ब्लाउजं आहेत, तेवढ्या शेंगा बघाल का. थोड्या वेळानं शेंग फुटल्याचा आवाज यायला लागला. टक, टक. मी मशीनचा पाय सावकाश चालवत तो आवाज ऐकत होते. मग आवाज थांबला.

"सूनबाई."

मी धावत गेले. माझं धावणं नेहमीचंच.

"इकडं हात दे." त्यांनी माझ्या तळहातावर एक शेंग ठेवली. जून, चामड्यासारखी. मग दुसरी. तिसरीला भोक होतं आणि आत बोटाला मऊ काहीतरी लागलं. "वरतून कोवळ्या, खालतून जून. आन या खालच्या सगळ्या अळीच्या." त्यांनी परात चिवडली. "तुले फशिवलं तिनं."

"जाऊ द्या, आत्याबाई. निवडून घेऊ."

"जाऊ काहून द्या? घरात उजेड हाये का अजून?"

"आहे थोडा."

"मंग बाजार उठला नसन. चाल."

त्यांनी जून आणि किडक्या शेंगा पदरात बांधल्या. चपला पायानंच चाचपडून घातल्या. मी सवयीनं दोन थैल्या उचलल्या. आम्ही निघालो तेव्हा सूर्य प्लॉटांच्या मागं टेकला होता. रस्ता ओलांडताना त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली, पण चाल कमी झाली नाही. गॅस बंद केला का, हे मला त्या दिवशी आठवलंच नाही.

वच्छलाबाई पोती झटकत होती. आत्याबाईंनी तिच्या आवाजावरून खांब ओळखला आणि पदरातल्या शेंगा सरळ तिच्या पुढ्यात ओतल्या.

"हे खाय तू. तुह्या पोराबाळाले खाऊ घाल."

"काय झालं वं?"

"अळ्या इकतं का आता? तोलून इकतं का नगावर?"

"शेंग शेतातून येते बाई, कंपनीतून नाही येत. अळी बी आपलंच शेत समजते."

"आन जून शेंगा? त्या बी अळीनं आनल्या का? माह्या सुनेले भोळी पाहून खालतून भरल्या. लाज नाही वाटत तुले?"

आजूबाजूची माणसं जमायला लागली. सांबारवाला हात जोडून मध्ये पडला, "जाऊ द्या ना बाई, तुमी बसा…" आत्याबाईंनी त्याला हातानं बाजूला केलं. वच्छलाबाई उठून उभी राहिली. कमरेवर हात ठेवला. तिचा आवाज चढला तो मला अजून ऐकू येतो.

"दिसत नाही त घरी बस ना वं म्हतारे! कायले शेंगा चिवडत बसतं?"

लसणवाली तोलता तोलता थांबली. तिच्या हातातली तागडी हलत राहिली. एवढे दिवस आमच्या घरात, गल्लीत, अकोल्यात, कोणी जे तोंडातून काढलं नव्हतं, ते भर बाजारात पडलं होतं. मी आत्याबाईंचा दंड धरला. मला वाटलं, संपलं. आता या पुन्हा उठणार नाहीत.

"मले दिसत नाही," आत्याबाई म्हणाल्या, एकेक शब्द मोजत, "तरी मले अळी सापडली. तुले दोन-दोन डोळे हायेत, तुले काहून नाही सापडली?"

आधी लसणवाली हसली. मग सांबारवाला. मग ते हसणं रांगेतून पुढं सरकत गेलं, ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांना शेजारची सांगत होती आणि तीही हसत होती. वच्छलाबाई हसली नाही. तिनं पुढ्यातल्या किडक्या शेंगा पायानं मागं सारल्या, झाकून ठेवलेल्या टोपलीतून ओंजळभर कोवळ्या शेंगा काढल्या आणि आमच्या थैलीत आपटल्या. "घे. आन तोंड घेऊन जाय घरी." आत्याबाईंनी थैलीत हात घालून शेंगा दाबून पाहिल्या. "आनखीन टाक," म्हणाल्या. "एवढं बोलली तू."

तिनं आणखी टाकल्या.

त्या शेंगा तिनं मुद्दाम भरल्या होत्या का, हे मी तिला बऱ्याच दिवसांनी विचारलं. ती म्हणाली, "धंद्यातलं कोनाले सांगत नसतात." मी पुन्हा विचारलं नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी तिचे उपकार मानते.

त्या रात्री आत्याबाईंनी थेंब घेतले. सकाळीही घेतले. त्या बाबतीत मग त्यांनी मला त्रास दिला नाही, म्हणजे बाटली धरायची माझी पद्धत चुकते हे रोज सांगितलं, तेवढंच. आज इतके हिवाळे उलटले, उरलेली नजर अजून उरलेली आहे. दारात कोणी येऊन उभं राहिलं की उजेड अडतो, त्यावरून त्यांना कळतं कोणीतरी आलंय. परात त्यांच्या पुढ्यात आहे. मी हे लिहीत बसलेय तर मघाशी म्हणाल्या, "खरखर काय करून राहिली? शेंगा कोन सोलन?" वच्छलाबाईचेही गुडघे आता गेलेत, तिची सून बसते खांबापाशी, ती बारीक आवाजात भाव सांगते. आत्याबाई तिला भांडायला शिकवून राहिल्या आहेत. मीही थोडं शिकलेय, पण माझा आवाज अजून फुटतोच. दमलेल्या माणसाचं भांडण कोणी मनावर घेत नाही.

पण या दिवसांत शेंगांचा वास आला की मला ते भांडण आठवतं त्याहून जास्त त्यानंतरची वाट आठवते. बाजार मागं राहिला होता. रस्त्यावरचे दिवे लागले नव्हते आणि उजेडही गेला होता, त्यामुळं थोडा वेळ आम्हा दोघींना सारखंच दिसत होतं. भांडणानं आत्याबाईंना धाप लागली होती. मी दोन्ही हातांत थैल्या घेऊन चालत होते, एकीत परत मिळालेल्या शेंगा, दुसरीत येता येता घेतलेले आलू-कांदे. खांद्यावरचा त्यांचा हात एकदम थांबला.

"तू दमली का वं?"

मी नाही म्हणाले.

"श्वास ऐकू येऊन राहिला मले." त्यांनी हात पुढं केला. "दे इकडं एक थैली."

त्या हिवाळ्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा स्वतःला विचारलं नव्हतं. मी शेंगांची थैली पुढं केली, हलकी होती ती. मग हात आखडता घेतला, आणि आलू-कांद्याची दिली.

त्यांनी ती तोलून पाहिली, खांदा एका बाजूला कलला, आणि त्या चालायला लागल्या.